सरळ झालर आणि तिरपी बट

अग्रलेखाच्या जागी कपाळावरच्या केसांचा विषय पाहून आमच्या काही ज्येष्ठ वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. जमिनी, खाणी, पाणी, भाषा असे एकाहून एक गंभीर प्रश्न दारात उभे असताना संपादकाला मुलींच्या बटा कोठून सुचल्या, असे ते विचारतील. त्यांचा प्रश्न गैरवाजवी नाही. परंतु ज्या गोष्टीवरून घराघरांत सकाळी आरशासमोर वाद होतात, जिच्यावरून शाळेत मुलीला बोलणी खावी लागतात आणि सासरी सुनेला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात, ती गोष्ट क्षुल्लक ठरविण्याचा अधिकार वृत्तपत्राला कोणी दिला? समाजाचे मन मोठमोठ्या ठरावांत जेवढे दिसते, त्याहून अधिक ते अशा लहानसहान हुकमांत दिसते.

गोष्ट एवढीच आहे. डोक्यावरचे पुढचे केस कपाळावर ओढून घ्यावेत आणि भुवयांच्या रेषेवर ते आडवे, सरळ कापावेत, ही तऱ्हा आपल्याकडे साठाहून अधिक वर्षे चालत आली आहे. तिला ‘साधना कट’ असे नाव पडले, आणि ज्यांनी त्या नटीचा एकही चित्रपट पाहिला नाही त्यांच्याही तोंडी ते बसले. ही सरळ झालर राखणाऱ्या कित्येक मुली, आणि मुलीच का, चाळिशी ओलांडलेल्या बायकाही, ती आता मोडताना दिसतात. मात्र मोडताना त्या सगळे केस मागे घेऊन कपाळ मोकळे करीत नाहीत. भांग थोडा बाजूला सरकवितात, आणि कपाळावरचे केस एका अंगाने तिरपे वळवून कानाकडे नेतात. कपाळ अर्धे झाकलेले, अर्धे उघडे. घरातल्या वडीलधाऱ्यांना यात नुसता धरसोडपणा दिसतो. झाकायचे तर पुरते झाका, उघडायचे तर पुरते उघडा, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस मात्र या तिरप्या बटेत बरेच शहाणपण दिसते, आणि तेच येथे सांगावयाचे आहे.

त्यासाठी आधी सरळ झालरीची कुळकथा पाहिली पाहिजे. ‘लव्ह इन सिमला’ हा चित्रपट १९६० साली आला. कराचीत १९४१ साली जन्मलेली आणि फाळणीनंतर कुटुंबासह मुंबईस आलेली साधना शिवदासानी ही त्याची नवखी नायिका. तिचे कपाळ कॅमेऱ्यापुढे फार रुंद दिसते, असे दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना वाटले. तेव्हा ऑड्री हेपबर्न या नटीच्या कपाळावरील केसांचा नमुना त्यांनी पुढे ठेवला आणि साधनाच्या कपाळावर कात्री चालली. चित्रपट गाजला, आणि त्याहून ते केस अधिक गाजले. मुंबईपासून लहान लहान गावांपर्यंत मुलींनी आरशासमोर कात्री धरली. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘परख’ या चित्रपटात साधना पोस्टमास्तरच्या साध्या मुलीच्या भूमिकेत दिसली. त्या चेहऱ्याला झालरीची गरज नव्हती, हे ज्याला पाहावयाचे त्याला तेथे दिसत होते. परंतु लोकांनी उचलली ती झालर. २०१५ च्या नाताळच्या दिवशी साधनाचे मुंबईत निधन झाले, तेव्हाही तिच्या अभिनयाआधी अनेकांना आठवले ते तिचे केसच.

याच्याही एक पायरी मागे गेले की मौजेची गोष्ट दिसते. ऑड्री हेपबर्नचा ‘रोमन हॉलिडे’ हा चित्रपट १९५३ चा. त्यातील राजकन्या राजशिष्टाचाराला कंटाळून एका दिवसापुरती रोम शहरात पळून जाते. त्या मोकळ्या दिवसाच्या आरंभीच ती एका न्हाव्याच्या दुकानात शिरते आणि आपले लांबसडक केस कापावयास सांगते. न्हावी चाचरतो, खरेच एवढे कापू का, असे पुन्हा पुन्हा विचारतो, ती ठामपणे होकार देते. म्हणजे ज्या केशरचनेचे आपल्याकडे एवढे अनुकरण झाले, तिच्या मुळाशी एका मुलीने स्वतः घेतलेला निर्णय होता, मग तो कथेतला का असेना. राजकन्येने केस कापले ते स्वतःच्या मर्जीने. साधनाचे कापले गेले ते दिग्दर्शकाच्या नजरेने. आणि आपल्या मुलींनी कापले ते साधनाकडे पाहून. स्वेच्छा, आज्ञा आणि अनुकरण अशा तीन पायऱ्या उतरत ती झालर आमच्या अंगणात पोचली. फॅशनचा प्रवास बहुधा असाच होतो. निघताना जी मुक्ती असते, ती पोचेपर्यंत गणवेश होऊन बसते.

कपाळावर केस रुळणे ही गोष्ट मात्र परदेशातून आलेली नव्हे. कपाळावरच्या कुरळ्या केसांचे कौतुक संस्कृत कवींनी इतके केले आहे की, त्यांतून ‘अलक’ हा शब्द वगळला तर कित्येक वर्णने उघडी पडतील. अमरकोशाने तर ललाटावर येणाऱ्या बटांना ‘भ्रमरक’ असा निराळा शब्दच दिला आहे. केसांतल्या भांगाला ‘सीमंत’ म्हणतात, आणि गर्भवतीचा भांग काढण्याच्या विधीला सीमंतोन्नयन म्हणून सोळा संस्कारांत स्थान मिळाले. ज्या संस्कृतीने भांगाचा संस्कार केला, तिच्या वारसांनी भांग मधला की वाकडा हा विषय हलका मानू नये. आणि तरीही आमच्या घरांत कपाळावर चार केस आले की पहिला शब्द निघतो तो ‘झिपऱ्या’. अलक आणि झिपरी यांत केसाचा फरक नाही, पाहणाऱ्याच्या नजरेचा आहे.

आता प्रश्न असा की, सरळ झालर तिरपी का होऊ लागली? कोणा नटीने सांगितले म्हणून नव्हे, असे आम्हांस वाटते. इंग्लंडच्या राजघराण्यात १९८१ साली सून म्हणून गेलेल्या डायनाच्या तिरप्या बटांची जगभर नक्कल झाली हे खरे. आपल्याही शहरांतून काहींनी ती केली असेल. परंतु आमच्या घरांतल्या तिरप्या बटेला कोणाचे नाव चिकटलेले नाही. ती आली ती गरजेतून, आणि ती गरज आपल्या किनाऱ्याला ठाऊक आहे. सरळ झालर ही थंड, कोरड्या हवेची वस्तू. ‘सिमला’ हे नाव त्या चित्रपटात उगीच नव्हते. आमच्याकडे मृगाचा पाऊस सुरू झाला की हवा ओल्या फडक्यासारखी होते. सरळ कापलेले केस सकाळी नीट बसविले तर दहा वाजता ते एकतर घामाने कपाळाला चिकटतात, नाहीतर दमटपणाने वाकडेतिकडे उठतात. केसांचे तेल आणि घाम कपाळावर साचून पुळ्या येतात त्या वेगळ्याच. तिरप्या बटेला वारा लागतो. ती विस्कटली तरी हाताने मागे सारता येते, आणि थोडी विस्कटलेलीच शोभून दिसते. विस्कटलेल्या सरळ झालरीला मात्र शोभा नसते.

दुसरे कारण रस्त्यावर दिसते. गोव्यात बायका जितक्या सहजपणे दुचाकीवरून कामाला जातात, तितक्या सहजपणे जाणाऱ्या बायका फार थोड्या प्रदेशांत आढळतील. शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या कारकून, मासळी घेऊन परतणारी गृहिणी, सगळ्या स्कूटरवर. डोक्यावर हेल्मेट असतेच, आणि असलेच पाहिजे. अर्धा तास हेल्मेटखाली दाबली गेलेली सरळ झालर कचेरीच्या दारात कशी दिसते, हे त्यांनाच विचारावे. तिरपी बट एकदा बोटांनी फिरविली की पुन्हा आपल्या जागी येते. तिसरे कारण कपाळाच्या मध्यावर आहे. भुवयांपर्यंत आलेल्या झालरीखाली कुंकू किंवा टिकली लपून जाते. जिला ती लावावयाची हौस आहे, तिला बट बाजूला घ्यावीच लागते. लावावयाची की नाही हा जिचा तिचा प्रश्न. पण जी लावते तिला ती दिसावी असे वाटले तर त्यात गैर काय? आणि देवळात जाताना केसांत अबोलीची फाती माळावयाची असेल, तर मागच्या अंबाड्याशी पुढची तिरपी बट जितकी जुळते, तितकी कपाळावरची आडवी रेघ जुळत नाही.

हे वळण एका दिवसात येत नाही, ही या विषयातली आम्हांस सर्वांत आवडलेली गोष्ट. कापणे क्षणाचे काम आहे, वाढणे महिन्यांचे. माणसाच्या डोक्याचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. भुवईपाशी कापलेली झालर गालाच्या हाडापर्यंत यावयास चार-पाच महिने तरी लागतात. या मधल्या काळात केस ना धड आखूड ना धड लांब. डोळ्यांत जातात, कानामागे राहत नाहीत. पुष्कळजणी याच टप्प्यावर कंटाळून पुन्हा कात्री हाती घेतात आणि जेथून निघाल्या तेथे परत येतात. जाणती केशकर्तनकार अशा वेळी सरळ आडवी कात्री चालवीत नाही. ज्या बाजूला भांग घ्यावयाचा तेथे केस आखूड आणि पलीकडे उतरत्या रेषेत लांब, असा तिरपा उतार ती पाडते, आणि टोकांना बारीक बारीक खाचे देऊन त्यांचा जाडपणा मोडते. केस ओले असताना लांब भासतात आणि वाळल्यावर वर चढतात, म्हणून बेताने कापते. कापलेले परत जोडता येत नाही, हे तिला माहीत असते.

शिवाय प्रत्येक कपाळाचा स्वभाव निराळा. कोणाच्या पुढच्या केसांतच भोवरा असतो. तेथे केस मुळातूनच एका दिशेला वळलेला असतो. त्याच्या उलट दिशेने बट वळवू गेले तर ती उभी राहते. म्हणून भांग कोणत्या अंगाला घ्यावा हे आरशाला नव्हे, भोवऱ्याला विचारावे लागते. वर्षानुवर्षे मधोमध भांग काढलेले केस पहिले काही दिवस जुन्याच वाटेने पडतात. न्हाणे झाल्यावर मुळे ओली असतानाच रोज नव्या दिशेने फणी फिरवावी, एखादी साधी पीन लावून ठेवावी, आणि धीर धरावा. काही आठवड्यांनी केसांना वळण लागते. ‘वळण लागणे’ हा शब्दप्रयोग आपण मुलांच्या बाबतीत करतो. तो येथेही तंतोतंत लागू पडावा, ही भाषेची गंमत आहे. जोर केल्याने वळण लागत नाही, सातत्याने लागते. मुळाची दिशा ओळखून तिच्याशी जमवून घेत जो बदल होतो तो टिकतो, हे तत्त्व केसांपुरते मर्यादित आहे असे आम्हांस वाटत नाही.

इथपर्यंत विषय सौम्य होता. आता कपाळाच्या खऱ्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. स्त्रीचे कपाळ आणि स्त्रीचे केस ही आपल्या समाजाने शतकानुशतके सार्वजनिक मालमत्ता मानली. नवरा जिवंत आहे की नाही हे तिच्या कपाळावर वाचावयाचे, आणि तो गेला की तेच कपाळ पांढरे करून तिच्या केसांवर वस्तरा फिरवावयाचा. या केशवपनाविरुद्ध १८९० साली मुंबईतील नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निर्धार केला. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी उभे होते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक लखलखीत घटना होय. परंतु कपाळाचा हिशोब तेवढ्याने मिटला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीला विधवांचे कुंकू पुसण्याची व बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, तो २०२२ साली. हे वर्ष वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे.

गोमंतकाला तर केसांवरचा अंमल म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. पोर्तुगीज अमदानीत एके काळी येथील हिंदूंना शेंडी राखण्याबद्दल कर भरावा लागे. आपल्या डोक्यावर काय ठेवावे आणि काय ठेवू नये हे सरकार ठरवू लागले, याचा संताप आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गिळला. त्या अपमानाची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांनी आपल्याच घरातल्या मुलीच्या चार केसांवर दरडावून हुकूम चालवावा, यात विसंगती नाही काय? परक्याची सत्ता डोक्यावर नको, मात्र आपली सत्ता मुलीच्या डोक्यावर हवी, हे स्वातंत्र्य नव्हे. हा केवळ मालकाचा बदल होय. १९ डिसेंबर १९६१ रोजी येथे जे आले, ते इतक्या अपुऱ्या अर्थाने यावे अशी कोणाचीच इच्छा नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, शिस्त नावाची काही गोष्ट आहे की नाही? आहे. प्रयोगशाळेत दिव्याजवळ काम करणाऱ्या मुलीने केस बांधले पाहिजेत. कारखान्यात यंत्रापुढे, स्वयंपाकघरात चुलीपुढे, इस्पितळात रुग्णापुढे केस आवरलेले असले पाहिजेत. डोळ्यांवर बट घेऊन कोणी वाहन चालवू नये. ज्या नियमाला कारण सांगता येते, तो नियम मुली बिनतक्रार पाळतात, असा सर्व चांगल्या शिक्षकांचा अनुभव असतो. परंतु बट सरळ असली तर चालेल आणि तिरपी असली तर नाही, किंवा तिरपी म्हणजे नखरा आणि मधला भांग म्हणजे संस्कार, याला कारण कोणते? जेथे कारण संपते आणि ‘बरे दिसत नाही’ एवढेच उरते, तेथे शिस्त संपलेली असते. उरतो तो फक्त अधिकार गाजविण्याचा हव्यास. मुलगे केसांची मनमानी करतात तेव्हा ‘वयच ते’ म्हणून हसणारे वडील मुलीच्या बटेपुढे एकाएकी धर्मशास्त्री होतात, हेही आमच्या दृष्टीतून सुटलेले नाही.

मात्र वडीलधाऱ्यांना चार शब्द सुनावून थांबलो तर न्याय अर्धाच होईल. मुलींनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कपाळावरचा ताबा घरच्यांकडून सोडवून घ्यावा आणि तो जाहिरातींच्या हवाली करावा, याने काय साधले? पूर्वी वर्षाला एखादी नटी आदर्श होती. आज हातातल्या पडद्यावर घटकेघटकेला नवा चेहरा येतो आणि प्रत्येक चेहरा सांगतो की तुझे कपाळ रुंद आहे, तुझे केस पातळ आहेत, हे विकत घे. एका दिग्दर्शकाला एक कपाळ कॅमेऱ्यासाठी रुंद वाटले, आणि त्यापायी ज्यांच्या कपाळात काही उणे नव्हते अशा असंख्य मुलींनी आपली कपाळे झाकली, हा इतिहास विसरण्यासारखा नाही. बट सरळ ठेवा, तिरपी घ्या, किंवा सगळे केस मागे ओढून आजीसारखा अंबाडा बांधा. पण तसे का करतो आहोत याचे उत्तर स्वतःपाशी असू द्या. ‘मला गरम होते’, ‘मला वाचताना आड येते’, ‘मला असेच आवडते’ ही तिन्ही उत्तरे आमच्या मते पुरेशी आहेत. ‘सगळ्याजणी तसे करतात’ हे उत्तर तेवढे पुरेसे नाही.

तिरप्या बटेचे शहाणपण आम्ही म्हटले ते या अर्थाने. ती कोणाच्या आज्ञेने आलेली नाही आणि कोणाचे नाव मिरवीत नाही. हवा पाहून, काम पाहून, भोवरा पाहून जी ती आपल्यापुरती तिची दिशा ठरविते. कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे. सरळ झालरीत सगळी कपाळे एकसारखी दिसत. तिरप्या बटेत प्रत्येकीचे कपाळ निराळे दिसते. उद्या तिलाही एखाद्या नटीचे नाव चिकटेल आणि तिचाही गणवेश होईल, हे अशक्य नाही. तेव्हा मुली पुन्हा दुसरे वळण शोधतील, आणि तो त्यांचा हक्कच असेल.

म्हणून पालकांना, मुख्याध्यापकांना, सासूबाईंना आणि विशेषतः नवरेमंडळींना आमची एवढीच विनंती आहे की, घरातल्या कोणा मुलीने किंवा सुनेने बट सरळची तिरपी केली तर तिला टोकू नये; तिने विचारले तरच मत द्यावे, आणि ते बरे वाटत असेल तर मोकळेपणाने सांगावे. केस आहेत ते, पुन्हा वाढतात. पण आपल्या कपाळाविषयीही आपणांस विचारले जात नाही, हे जिला लहानपणी कळून चुकते, तिचा आवाज पुढे ग्रामसभेत, कचेरीत आणि मतपेटीपाशी निघेल अशी अपेक्षा कोणी कोणत्या तोंडाने करावी? कपाळी काय लिहिले आहे ते विधात्याला ठाऊक; कपाळावर काय रुळावे ते तरी ज्याचे कपाळ त्याला ठरवू द्यावे.